टोमॅटोवरील आळ

नारायणगांवच्या एका भगिनीचें पत्र या महिन्यांत आमच्यापुढें आहे. एकत्र कुटुंब, लहानमोठीं मिळून चौदा माणसें. पत्रलेखिका घरांतील धाकटी सून. तिच्या अडीच वर्षांच्या मुलाला एके दिवशीं ताप आला. दुसऱ्या दिवशीं तोंडांतून सारखी लाळ गळूं लागली आणि घांस ओठांशीं नेतांच तो रडूं लागला. तिसऱ्या दिवशीं तळहातांवर, तळपायांवर आणि कुल्ल्यांवर बारीक लाल फोड दिसूं लागले. शेजारच्या कोणीं 'टोमॅटो फ्लू' असें नांव उच्चारलें, आणि त्याच सायंकाळीं स्वयंपाकघरांतील टोमॅटोची टोपली गोठ्यांत रिती झाली. आजेसासूबाईंच्या मतें या कांजिण्या. तेव्हां मुलाच्या अंगाला पाणी लावावयाचें नाहीं. चुलतसासऱ्यांना गेल्या वर्षीं गाईला झालेली लाळ्या-खुरकूत आठवली. या तिन्ही मतांच्या मागें, कोणीं मोठ्यानें न बोललेलें असें चौथेंहि एक मत होतें. तें असें, कीं इतक्या लहान मुलाला बालवाडींत घातलें त्याचें हें फळ. "चूक माझी असेल तर ती कोणती तें सांगा; पण जाऊबाईंची मुलगी दोन महिन्यांची आहे, तिला यापासून कशी राखावी तें आधीं सांगा," असें त्या लिहितात.

त्यांनीं 'आधीं' म्हटलें आहे, म्हणून तान्ह्या मुलीविषयीं आधीं लिहितों. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत या जातीचा संसर्ग क्वचित् गंभीर रूप धारण करतो. दोन महिन्यांच्या बाळास धोका तितका नसला तरी निष्काळजीपणास वाव नाहीं. आजारी मुलाचें सर्व करणारें माणूस एक असावें आणि बाळाला घेणारें माणूस दुसरें असावें. चौदा माणसांच्या घरांत एवढी वाटणी अवघड नाहीं. एकत्र कुटुंबाचे फायदे आपण नेहमीं सांगतों, त्यांतला हा एक अशा वेळीं खरोखर घ्यावा. आईनें बाळाला अंगावर पाजणें चालू ठेवावें. मोठ्या भावंडानें बाळाचा पापा घेणें कांहीं आठवडे बंद ठेवावें. आणि तीन महिन्यांच्या आंतील बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला, तर अंगावर फोड असोत वा नसोत, त्याला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. घरीं औषध देऊन वाट पाहूं नये.

आतां टोमॅटोविषयीं. नारायणगांवांत टोमॅटो फेंकून दिला जावा, हें वाचून आम्हांला आधीं हंसूं आलें आणि मग वाईट वाटलें. पुणें-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या कांठीं असलेल्या या गांवचा टोमॅटोचा बाजार महाराष्ट्रांतील मोठ्या बाजारांपैकीं एक आहे. हंगामांत क्रेटांच्या थप्प्यांनीं भरलेल्या मालमोटारी येथून परप्रांतांत जातात. ज्या फळावर त्या मुलुखांतील कितीतरी संसार चालतात, त्याच फळावर हा आळ! आणि आळाचा इतिहास पाहूं गेल्यास तो अगदीं कालपरवांचा आहे.

६ मे २०२२ रोजीं केरळांतील कोल्लम जिल्ह्यांत पांच वर्षांखालील मुलांमध्यें ताप व लाल फोड यांचा एक आजार नोंदला गेला. जुलै महिन्याच्या अखेरीस अशा मुलांची संख्या ८० च्या वर गेली होती. फोड गोल, लाल आणि वाढत जाणारे, म्हणून लोकांनीं त्यांस टोमॅटोची उपमा दिली. उपमेचें नांव झालें, आणि नांवाचा आरोप होण्यास वेळ लागला नाहीं. ऑगस्टमध्यें 'लॅन्सेट' समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकानें या 'टोमॅटो फ्लू'ची दखल घेतली, तेव्हां तर तें नांव जगभर झालें. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेल्यानंतरचा हा कांहीं परिणाम असावा, अशीहि एक कल्पना तेव्हां पुढें आली. परंतु केरळांत राहून इंग्लंडला परतलेल्या दोन भावंडांना हाच आजार झाला, त्यांचे नमुने तेथील प्रयोगशाळेंत तपासले गेले, आणि त्यांत निघाला तो 'कॉक्सॅकी ए-१६' नांवाचा, वैद्यकास साठ-पासष्ट वर्षें परिचित असलेला विषाणु. ज्याला हात-पाय-तोंड रोग म्हणतात, तोच हा. त्याच ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें राज्यांस ज्या सूचना पाठविल्या, त्यांतहि टोमॅटो फ्लू हा या रोगाचाच एक प्रकार असल्याचें म्हटलें होतें. टोमॅटोचा संबंध एवढाच, कीं तो लाल व गोल आहे. बोराची उपमा कोणाला सुचली असती, तर बोरें बदनाम झालीं असतीं.

जुन्नर-नारायणगांवच्या बागाइतदारांना ही बदनामी नवी नव्हती. त्याच्या दोनच वर्षें आधीं, मे २०२० मध्यें, पुणें, नगर व नाशिक या जिल्ह्यांतील टोमॅटोच्या पिकावर एक रोग पडला. फळ एकसारखें न पिकतां त्यावर हिरवे, पिवळे, लाल असे पट्टे उमटत, म्हणून शेतकऱ्यांनीं त्यास 'तिरंगा' म्हटलें. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेंत नमुने तपासले गेले, तेव्हां त्यांत प्रामुख्यानें काकडीच्या मोझॅक रोगाचा विषाणु सांपडला. मावा ही कीड त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पण ते दिवस करोनाचे. 'विषाणु' हा शब्द कानीं पडतांच लोक दचकत. टोमॅटोंतला हा विषाणु करोनाहूनहि भयंकर आहे अशा बातम्या पसरविल्या गेल्या, आणि आधींच टाळेबंदीनें पडलेल्या भावांत आणखी भर पडली. वास्तविक वनस्पतीचा विषाणु माणसाच्या पेशींत शिरूं शकत नाहीं. असे विषाणु आपण भाजीबरोबर रोज खात असतों. ढोबळ्या मिरचीवरील एका जातीचा विषाणु तर माणसाच्या विष्ठेंत इतका विपुल असतो, कीं पाण्यांत सांडपाणी मिसळलें आहे कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं शास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करतात. आणि तो पोटांतून जातो तो कोणाला कांहीं न करतां जातो. तेव्हां आमच्या भगिनीनें टोपली पुन्हा खुशाल भरावी. आजारी मुलाला मात्र आठ दिवस टोमॅटो देऊं नये. तो आंबट असतो आणि तोंडांतील फोडांना झोंबतो, एवढ्याच कारणासाठीं.

गाईच्या बाजूनेंहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. लाळ्या-खुरकूत या रोगांत जनावराच्या तोंडांत व खुरांच्या बेचक्यांत फोड येतात, लाळ गळते. मुलाच्या आजाराशीं बाह्य साम्य आहे, आणि इंग्रजी नांवें तर इतकीं सारखीं आहेत कीं शिकलेलीं माणसेंहि घोंटाळतात. १८९८ सालीं लेफ्लर व फ्रॉश या दोघां जर्मन शास्त्रज्ञांनीं लाळ्या-खुरकुतीचा जंतु अत्यंत बारीक गाळणींतूनहि पार होतो असें दाखविलें. प्राण्यांना रोग करणारा विषाणु माणसाला कळला तो तेव्हां प्रथम. हे दोन्ही विषाणु एकाच मोठ्या कुळांतले आहेत हें खरें, परंतु शाखा निराळ्या. गाईची शाखा मुलाला हा रोग देत नाहीं व मुलाची शाखा गाईला देत नाहीं. दूध तापवूनच प्यावें, पण त्याचीं कारणें दुसरीं आहेत.

आजेसासूबाईंची शंका या दोहोंपेक्षां अधिक सयुक्तिक आहे, कारण त्यांनीं फोडांचे आजार डोळ्यांनीं पाहिलेले असणार. देवी भारतांतून १९७५ मध्यें गेली आणि जगांतून नाहींशी झाल्याचें १९८० मध्यें जाहीर झालें. तिची भीति उरलेली नाहीं. कांजिण्या अद्यापि आहेत. पण कांजिण्यांचे फोड पोट, पाठ व चेहरा येथें आधीं येतात, लाटांनीं येतात, फार खाजतात, आणि त्यांवर खपल्या धरतात. या रोगाचे फोड तळहात-तळपाय व तोंड यांना धरून असतात, क्वचित् गुडघे-कोपरांवर येतात, आणि बहुधा खाज न आणतां सुकतात. दाराशीं कडुनिंबाची डहाळी बांधली तर तिला आमचा विरोध नाहीं. अंगाला पाणी न लावण्यास मात्र आहे. कोमट पाण्यानें मुलाला रोज पुसावें किंवा न्हाऊं घालावें; त्यानें फोड 'आंत जात' नाहींत.

मग खरा कर्ता कोण? अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत हडसन नदीच्या कांठीं कॉक्सॅकी नांवाचें एक लहान गांव आहे. १९४७ मध्यें तेथें पक्षाघातासारखीं लक्षणें झालेल्या मुलांचे नमुने गिल्बर्ट डॉलडॉर्फ व ग्रेस सिकल्स यांनीं तपासले. त्यांनीं ते मोठ्या उंदरांना न टोंचतां नुकत्याच जन्मलेल्या पिलांना टोंचले. पिलें लुळीं पडलीं. मोठ्या उंदरांना कांहींच झालें नाहीं. १९४८ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या गांवाचें नांव विषाणूला चिकटलें. (कोणत्याहि गांवास अशी कीर्ति नकोच असणार, टोमॅटोला निदान सोबत मिळाली.) या कुळाला आंतड्यांत वाढणारे म्हणून 'एंटेरोव्हायरस' म्हणतात, आणि पोलिओचा विषाणु त्यांतलाच. पुढें १९५७ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरांटो शहरीं ताप, तोंडांतील फोड व पुरळ यांची सांथ आली, तींत कॉक्सॅकीचा विषाणु सांपडला. १९५९ मध्यें इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें पुन्हा तशीच सांथ आली, आणि तेथील डॉक्टरांनीं तिच्या वर्णनास 'हात-पाय-तोंड रोग' हें नांव दिलें.

आज आपणांस असें माहीत आहे, कीं हा रोग एका विषाणूचा नसून भावाभावांच्या एका टोळीचा आहे. बहुतेक वेळां कर्ता तो कॉक्सॅकी ए-१६, आणि तो सौम्य असतो. ए-६ हा अलीकडे अधिक दिसतो; त्याचे फोड मोठे व दूरवर पसरणारे असतात. तिसरा भाऊ मात्र वाईट आहे. एंटेरोव्हायरस ७१ हा १९६९ मध्यें कॅलिफोर्नियांत, मेंदूला सूज आलेल्या एका अर्भकांत प्रथम सांपडला. १९९७ मध्यें मलेशियांतील सारावाक प्रांतीं त्यानें मुलें नेलीं; १९९८ मध्यें तैवानांत सव्वा लाखाहून अधिक मुलें आजारी पडलीं, त्यांतील ४०५ अत्यवस्थ झालीं व ७८ दगावलीं. चीनमध्यें याच एका भावावर लस निघाली असून २०१६ पासून ती तेथें देतात. ए-१६ ला ती अडवीत नाहीं, आणि आपल्याकडील लसीकरणांत या रोगावर लस नाहीं. आपल्या देशांत २००३ मध्यें केरळांतील कालिकत येथें या रोगाची सांथ नोंदली गेली. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर नागपूरच्या मुलांतील या रोगाचें वर्णन २००८ मध्यें भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत आलें आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें निरनिराळ्या राज्यांतील रोग्यांचे नमुने तपासून येथें एकाहून अधिक भाऊ वावरतात असें दाखविलें आहे. म्हणूनच एकदां होऊन गेलेला हा रोग मुलाला पुन्हां होतो. ए-१६ शीं ओळख झालेलें शरीर ए-६ ला ओळखीत नाहीं. दुसऱ्यांदां झाला म्हणून मूल 'अशक्त' ठरत नाहीं.

नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. आकाशगंगेच्या पलीकडून निघालेल्या लहरी तिला कळतात. आणि ज्याच्यामुळें एका घराला चार रात्रीं झोंप नाहीं, तो विषाणु एका मिलिमीटरचे तेहतीस हजार भाग केले असतां त्यांतील एका भागाएवढा! तो दिसत नाहीं. म्हणून त्याची वाट तरी नीट पाहिली पाहिजे, आणि ती वाट टोमॅटोच्या टोपलींतून जात नाहीं. आजारी मुलाची लाळ, शेंबूड, खोकल्याचे तुषार, फोडांतील पाणी आणि विष्ठा यांतून तो बाहेर पडतो, आणि दुसऱ्याच्या तोंडांत जातो तो बहुधा हातानें. विषाणु शरीरांत गेल्यापासून तीन ते सहा दिवसांनीं ताप येतो. आठ-दहा दिवसांत मूल बरें होतें. पण घशांतून तो एक ते तीन आठवडे, आणि विष्ठेंतून कित्येक आठवडे बाहेर पडतच असतो. येथेंच घरें फसतात. मूल खेळूं लागलें कीं दक्षता संपते, आणि बाळोतें बदलणारा हात तसाच पिठांत जातो.

आपल्या घरांतून उष्ट्या-खरकट्याचा विचार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि या रोगापुरता तो अगदीं योग्य आहे. अडचण अशी कीं लहान मुलाचें उष्टें आपण उष्टें मानीतच नाहीं. त्याच्या वाटींतला उरलेला भात आई खाते, आजी त्याच्या तोंडांतला घांस आपल्या बोटांनीं सारखा करते, आजोबा आपल्याच चमच्यानें त्याला चहा-पोळी भरवितात. एकच पंचा सर्व मुलांचीं तोंडें पुसून जातो. मोठ्यांना बहुधा कांहीं होत नाहीं. पण फोड न येतांहि मोठें माणूस हा विषाणु घरांत आणूं शकतें व वाटूं शकतें. तेव्हां बालवाडीमुळेंच हें झालें असें खात्रीनें कोणीं म्हणावें? बालवाडींतून आलें असेल, लग्नाच्या पंगतींतून आलें असेल, किंवा घरांतल्याच एखाद्या धडधाकट माणसाच्या हातून आलें असेल. पांच वर्षांखालील मूल माणसांत वावरूं लागलें कीं हा रोग त्याला केव्हां तरी भेटावयाचाच. पत्रलेखिकेची चूक कोणती, या प्रश्नास आमचें उत्तर हेंच आहे, आणि तें पत्र त्यांनीं दिवाणखान्यांत सर्वांसमक्ष वाचावें अशी आमची इच्छा आहे.

उपाय साधा आहे, म्हणूनच तो होत नाहीं. बाळोतें बदलल्यावर, मुलाला शौचास बसवून आणल्यावर, त्याचें नाक पुसल्यावर, स्वयंपाकास लागण्यापूर्वीं आणि भरविण्यापूर्वीं साबणानें व वाहत्या पाण्यानें वीस सेकंद हात चोळून धुवावे. नुसत्या पाण्याचें सोंवळें येथें पुरेसें नाहीं. करोनाच्या दिवसांपासून घरोघर आलेला सॅनिटायझरहि फारसा उपयोगी नाहीं. करोनाच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचें आवरण असतें, तें मद्यार्कानें विरघळतें. या विषाणूला तें आवरणच नाहीं. साबण त्याला मारतो असें नव्हे, हातावरून सोडवून पाण्याबरोबर घालवितो. खेळणीं, दारांच्या कड्या व पाट आधीं साबणानें धुवावे आणि मग ब्लीचिंग पावडरीच्या पातळ पाण्यानें पुसावे. आजारी मुलाचा पेला, वाटी, पंचा निराळा ठेवावा. बाळोतीं इतरांच्या कपड्यांत भिजवूं नयेत.

मुलाला औषधापेक्षां पाण्याची गरज अधिक असते. तोंड दुखतें म्हणून तें पीत नाहीं, पीत नाहीं म्हणून सुकतें. आणि सौम्य रूपांतहि मुलाला रुग्णालयांत न्यावें लागतें तें बहुधा यामुळें. थंड दूध, गोड ताक, निवविलेली पेज, मऊ दहीभात, शहाळ्याचें पाणी, जें घेईल तें थोडें थोडें चमच्यानें द्यावें. तिखट, आंबट, गरम कांहीं देऊं नये. तोंडाला मध लावण्याची चाल आहे, पण एक वर्षाच्या आंतील मुलाला मध मुळींच चाटवूं नये. तापासाठीं डॉक्टरांनीं वजनाप्रमाणें सांगितलेलें पॅरासिटामॉल पुरे. अॅस्पिरिन लहान मुलास कदापि देऊं नये. हा विषाणूचा रोग असल्यानें प्रतिजैविकांचा त्यावर कांहीं उपयोग नाहीं. तीं मागूनहि घेऊं नयेत.

परंतु घरीं थांबण्याला मर्यादा आहे, आणि ती आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ठाऊक असावी. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, मूल झोंपेंत वारंवार दचकूं लागलें किंवा हातपाय झटके देऊं लागले, तें सुस्त पडून राहिलें, चालतांना तोल जाऊं लागला, सारख्या उलट्या झाल्या, श्वास जलद झाला, किंवा आठ तासांत लघवी झाली नाहीं, तर ती वाईट भावाची खूण असूं शकते. मग रात्र आहे, पाऊस आहे, घरांत कार्य आहे, असलें कांहीं पाहूं नये. मुलाला तसेंच उचलून रुग्णालयांत न्यावें.

ताप जाऊन एक दिवस झाला, फोड सुकले आणि मूल नेहमींप्रमाणें खाऊं लागलें, कीं तें पुन्हां बालवाडींत जाण्यास हरकत नाहीं. बाळोत्यांची व हातांची दक्षता मात्र पुढें दोन महिने तशीच ठेवावी. आणखी एक गोष्ट आतांच सांगून ठेवतों, नाहीं तर दुसरें पत्र येईल. रोग विसरला गेल्यावर, महिना-दीड महिन्यानें, एखादे वेळीं मुलाच्या हातापायांचीं नखें मुळाशीं सैल होऊन गळूं लागतात. विशेषतः ए-६ नंतर असें होतें, आणि २००८ मध्यें फिनलंडमधील सांथींत तें ठळकपणें दिसून आलें. त्याला दुखत नाहीं. जुनें नख ओढून काढूं नये. खालून नवें नख येत असतें.